जुनी टर्बो बघायला निघालेल्यांना चार गोष्टी

मी नागोयाजवळ राहतो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात काम करणारी आपली मराठी माणसं या भागात थोडीफार आहेत, आणि त्यांतल्या कुणाला ना कुणाला अधूनमधून जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचं वेड लागतं. मग मला फोन येतो, "दादा, एक आरएक्स-७ विकायला निघालीय. एकदम टकाटक! रविवारी बघायला येता का?" मला फोन येण्याचं कारण म्हणजे माझ्याकडे माझदाची १९९६ सालची आरएक्स-७ आहे. तिसऱ्या पिढीची, जिला सगळे नुसतं एफडी म्हणतात ती. रविवारी मी जातो. गाडी खरंच टकाटक असते. पॉलिशमध्ये तोंड दिसतं. आणि बहुतेक वेळा मी म्हणतो, "चहा पिऊ आणि घरी जाऊ."

टकाटक दिसणं आणि नीट राखलेली असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार थोडा आहे. तो कसा, हे प्रत्येकाला फोनवर सांगून दमलो, म्हणून लिहून काढतो.

१. घेताय काय, ते आधी समजून घ्या

एफडी ही टर्बो गाडी खरी, पण आधी ती रोटरी गाडी आहे. तिच्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. कॅप्सूलच्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर गरगरतो, असे दोन रोटर. एका रोटरची क्षमता ६५४ सीसी, दोन्ही मिळून १३०८. मूळ कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची. जर्मनीच्याच एनएसयू कंपनीकडून परवाना घेऊन हिरोशिमाच्या माझदाने ती चालवून दाखवली. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या तरुण इंजिनिअरांची त्यात कित्येक वर्षं गेली. १९६७ मध्ये दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट आली. १९९१ मध्ये माझदाची चार रोटरची ७८७बी ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. तोवर कुठल्याही जपानी कंपनीला ते जमलं नव्हतं. एफडी बाजारात आली ती त्याच वर्षाच्या शेवटी. पुढे २००२ पर्यंत ती बनत राहिली. सुरुवातीला ताकद २५५ पीएस, १९९६ ला २६५, आणि १९९९ ला २८०. २८० च्या वर जायचं नाही असा जपानी कंपन्यांचा आपसांत समझोता होता, तो २००४ पर्यंत टिकला.

हा इतिहास सांगण्याचं कारण साधं आहे. पुण्यात किंवा कोल्हापुरात तुमचा कितीही हुशार मेकॅनिक असो, पिस्टनच्या इंजिनावर कमावलेली त्याची अक्कल इथे निम्मीच चालते. "आवाज चांगला आहे की," हे रोटरीच्या बाबतीत काही सांगत नाही. आवाज शेवटपर्यंत चांगला असतो.

२. किलोमीटर कमी, म्हणून उड्या मारू नका

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं: एकच मालक, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, वर्षातून दोनदा बाहेर काढलेली. ऐकायला छान वाटतं. पण रोटरी इंजिन नुसतं उभं ठेवलेलं सोसत नाही. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक पातळ पट्टी असते, एपेक्स सील. ती खाचेत मोकळी हलली तरच भिंतीला नीट टेकते. गाडी पडून राहिली, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच फिरली, की कार्बन साठतो आणि ती पट्टी खाचेत अडकते. रबर सुकतं ते वेगळंच.

आणखी एक गोम. थंड इंजिन सुरू करून गाडी फक्त दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचतं आणि पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. विकायला ठेवलेल्या गाड्यांचं नेमकं हेच होतं: इकडून तिकडे सरकवा, पुसा, फोटो काढा. जी गाडी दर आठवड्याला नीट तापेपर्यंत चालवली जाते आणि अधूनमधून लाल रेषेपर्यंत ताणली जाते, ती जास्त किलोमीटरची असली तरी मला जास्त विश्वासाची वाटते. एफडीची लाल रेषा ८००० आरपीएमला आहे आणि तिथे पोचण्याआधी एक बझर वाजतो. मालकाला मी विचारतो, "बझर शेवटचा कधी ऐकलात?" एकदा एका गृहस्थांनी फार अभिमानाने सांगितलं, "कधीच नाही!" गाडी देखणी होती. आम्ही घेतली नाही.

३. कॉम्प्रेशनचे सहा आकडे हातात पडल्याशिवाय पैशांचं बोलू नका

हा मुद्दा जरा सविस्तर, कारण सगळा सौदा याच्यावर उभा आहे.

एका रोटरला तीन बाजू, म्हणजे दोन रोटरचे सहा आकडे. साधा गेज लावला तर तो तिघांतला सर्वांत मोठा आकडा दाखवून मोकळा होतो. एक बाजू पार गेलेली असली तरी दुसरी तिची लाज झाकते. म्हणून रोटरीसाठीचा वेगळा टेस्टर लागतो. माझदाच्या शोरूममध्ये किंवा रोटरीचंच काम करणाऱ्या गॅरेजात तो मिळतो. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, आणि आलेला आकडा २५० आरपीएमच्या हिशोबात बसवून घ्यायचा, कारण स्टार्टर जोरात फिरला की आकडा उगाच वर जातो.

आमच्याकडचा म्हातारा मेकॅनिक हे काम करतो ते बघण्यासारखं असतं. प्लग काढतो, टेस्टर बसवतो, आत बसलेल्याला नुसती मान हलवून सांगतो. स्टार्टर फिरतो आणि फुस-फुस-फुस असा आवाज येतो. तीन फुसकारे सारख्या तालात आले तर तो कागदाकडे बघतसुद्धा नाही. एखादा फुसकारा मवाळ आला की डोळे मिटून पुन्हा ऐकतो. मग कागद निघतो. आकडा सहा किलोच्या खाली गेला तर इंजिन उघडायची वेळ आली असं समजायचं. तिन्ही बाजूंत दीडपेक्षा जास्त फरक असला तरी तेच. आठच्या आसपास सहाही आकडे असले तर इंजिनाची तब्येत ठणठणीत आहे.

विकणारा म्हणाला की टेस्ट कशाला, गाडी तर मस्त पळते, तर हात जोडून निघा. खर्च तुम्ही करा म्हणाला तर जरूर करा. इंजिन पुन्हा बांधायच्या खर्चापुढे टेस्टचे पैसे काहीच नाहीत.

आणि एक: इंजिन एकदा उघडून पुन्हा बांधलेलं आहे असं कळलं तर लगेच नाक मुरडू नका. रोटरी इंजिन लाखभर किलोमीटरांच्या आसपास उघडावं लागणार हे धरूनच चालायचं असतं. कुणी बांधलं, काय काय बदललं, पावती आहे का, एवढं विचारा. चांगल्या हाताचं पुन्हा बांधलेलं इंजिन मला कधीही हात न लागलेल्या तीस वर्षांच्या इंजिनापेक्षा परवडतं.

४. उष्णता, उष्णता आणि उष्णता

रोटरीचा धूर पिस्टनपेक्षा जास्त तापलेला बाहेर पडतो. त्या धुरावर दोन टर्बो बसवलेत. हे सगळं एका चपट्या, बुटक्या बोनेटखाली कोंबलंय, कारण गाडी दिसायला सुंदर हवी होती. ती आहेही सुंदर. पण बोनेटखालच्या रबराला आणि प्लॅस्टिकला त्याची किंमत मोजावी लागते.

दोन टर्बो एकाच वेळी काम करत नाहीत. खालच्या आरपीएमला सगळा धूर पहिल्याकडे जातो, म्हणून पिकअप लवकर मिळतो. साधारण ४५०० च्या आसपास दुसरा सामील होतो. हा खेळ चालवायला झडपा, सोलेनॉइड आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं लागतं. अमेरिकेतले मालक त्याला उंदराचं घरटं म्हणतात आणि ते चूक म्हणत नाहीत. पंचवीस-तीस वर्षं भाजून या नळ्या बिस्किटासारख्या होतात. मी बोनेट उघडलं की हाताला लागेल अशी एक नळी दोन बोटांत हळूच दाबतो. दबली आणि परत फुगली तर ठीक. कडक लागली तर समजायचं, सगळ्याच बदलाव्या लागणार. नळ्या स्वस्त आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरी स्वस्त नाही.

रस्त्यावर परीक्षा सोपी आहे, बूस्टचा गेज लावलेला असला तर. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्या. काटा साधारण १० पीएसआयवर जातो, ४५०० ला क्षणभर ८ वर उतरतो आणि पुन्हा १० वर चढतो. ती बारीकशी उडी हवीच. तिथे गाडी आचके देत असेल, किंवा काटा उतरला तो वर आलाच नाही, तर दुसरा टर्बो कामावर येत नाही.

पाण्याचा काटा मात्र लबाड आहे. कंपनीने दिलेला तापमानाचा काटा एकदा मध्यावर आला की तिथेच ठाण मांडतो. इंजिन बरंच तापलं तरी हलत नाही, आणि हलतो तेव्हा कूलंटची सीलं गेलेली असतात. म्हणून ज्या गाडीत कुणीतरी वेगळा, अंशाअंशाने दाखवणारा तापमानाचा गेज लावलाय, तिचा मालक समजदार आहे असं मी धरून चालतो. सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटमधली हवा वेगळी करणारी एक छोटी काळी प्लॅस्टिकची टाकी असते. ती तडकते आणि पाणी जातं. तिच्या जागी ॲल्युमिनिअमची दिसली तर मालकाला मनातल्या मनात आणखी एक गुण द्या.

५. कागद वाचता आले नाहीत तर वाचणारा बरोबर न्या

जपानमधल्या बऱ्याच जुन्या गाड्या डीलर लोकांच्या लिलावांतून फिरतात, आणि तिथे प्रत्येक गाडीचा एक कागद बनतो. गाडीचं चित्र, त्यावर खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे डेंट-पेंट केल्याची खूण, दोन फुल्या म्हणजे तो पत्रा बदललेला. वरच्या कोपऱ्यात ग्रेड. तिथे आकड्याऐवजी आर असलं तर गाडी ठोकलेली आणि सांधलेली आहे. विकणाऱ्याकडे हा कागद असतो. "हरवला" म्हणाला तर का हरवला ते विचारावं.

मीटर मागे फिरवण्याची विद्या जपानलाही अवगत आहे. पण शाकेनच्या, म्हणजे आपल्या पासिंगच्या, नोंदीत त्या वेळचा मीटरचा आकडा असतो, आणि सर्व्हिसच्या वहीतही. दोन्ही जुळवून बघा. मी एका गाडीची वही चाळली तर सुरुवातीची अनेक वर्षं एकाच गॅरेजचे शिक्के, तारखा, ऑइल बदलल्याच्या नोंदी, सगळं एका सुबक अक्षरात. मग अचानक सात वर्षं काहीच नाही. त्या सात वर्षांत गाडी कुठे होती, हे कुणालाच सांगता येईना.

६. खाली वाका

तोहोकू, निईगाता, होक्काइदो अशा बर्फाच्या भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. वरून आरसा असलेली गाडी खालून पापडासारखी झालेली असू शकते. जुने कपडे घालून जा, टॉर्च न्या, झोपा.

७. "फुल मॉडिफाइड" हे कौतुक नाही

एफडीवर प्रयोग करायचा मोह अनेकांना आवरत नाही. पडद्यावरच्या फास्ट अँड फ्युरिअसने २००१ मध्ये लाल एफडी नाचवली, त्याआधीच इनिशियल डी या चित्रकथेतल्या पिवळ्या एफडीने इथली पोरं वेडी झाली होती. तेव्हा या गाड्या स्वस्त होत्या, म्हणून कापल्या गेल्या. दोनाऐवजी एक मोठा टर्बो, रुंद मडगार्ड, धडधडणारा सायलेन्सर. काहींचं काम उत्तम आहे, मी नाव ठेवत नाही. पण आता दुर्मिळ झालीय ती कंपनीतून आली तशी गाडी.

शिवाय शाकेन दर दोन वर्षांनी आहेच. जमिनीपासून नऊ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, सायलेन्सरचा आवाज मर्यादेत हवा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर हवा. बदल केलेली गाडी घेत असाल तर काढलेले मूळ भाग मालकाने ठेवलेत का, हे विचारा. खोके भरून मूळ भाग बरोबर देणारा मालक भेटला तर भावात थोडं कमी-जास्त करायला हरकत नाही. २०२० च्या अखेरीस माझदाने आरएक्स-७ चे काही भाग पुन्हा बनवायला घेतले, ही मोठी सोय झाली. पण सगळे भाग त्यात नाहीत.

८. सांभाळायचा खर्च आधी कागदावर मांडा

वार्षिक कर इंजिनाच्या आकारावर बसतो. १३०८ सीसी बघून खूश होऊ नका. रोटरीला दीडपट धरतात, म्हणजे १९६२, म्हणजे दोन लिटरचा गट. वर गाडी तेरा वर्षांपेक्षा जुनी, म्हणून दंडासारखी वाढ: ३९,५०० येनच्या जागी ४५,४००. पेट्रोल पंपावर लाल नळी साधी, हिरवी डिझेलची. तुमच्या नशिबी पिवळी, महागडं हाइओकु. गाडी किती पिते हे मी बायकोला सांगितलेलं नाही, इथेही लिहीत नाही. ऑइल तर इंजिन स्वतःच जाळतं, सीलं ओली ठेवण्यासाठी कंपनीनेच तशी सोय केलीय, म्हणून डिकीत एक डबा कायम. आम्ही लोक तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलतो. आणि घरापासून दोन किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा आहे, असा पोलिसांचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही.

मागच्या सीटचं विचारूच नका. साताऱ्याहून आलेले माझे वडील एकदा मागे बसायला गेले आणि म्हणाले, "अरे, ही दप्तर ठेवायची जागा आहे."

९. "जाताना गाडी भारतात घेऊन जाऊ" हे डोक्यातून काढा

तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आणायला परवानगी नाही. आणि आपल्याकडे २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी. एफडी त्या हिशोबाने अजून पोर आहे. अमेरिकेत मात्र पंचवीस वर्षं झालेली गाडी नेता येते, आणि तिथे ही गाडी मुळात १९९३ ते ९५ एवढीच विकली गेली होती. त्यामुळे अमेरिकेतून मागणी येते आणि इथले भाव चढतात. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की भाव चढला तरी सीलं झिजायची थांबत नाहीत. माझं मत विचाराल तर ज्याला चालवायची नाही त्याने ही घेऊ नये.

१०. बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, "कृपा करून आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." इथले विकणारे सभ्य असतात, पाहुणे येणार म्हणून गाडी आधीच तापवून ठेवतात आणि तुम्हाला बघायचं असतं नेमकं तेच निसटतं. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. थंड असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी कूलंट किती आहे ते बघा, मग चावी फिरवायला सांगून तुम्ही मागे उभे राहा. सुरुवातीला थोडा धूर येतोच, घाबरू नका. पण पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय.

मग अर्धा तास चालवा. मालकालाच चालवू द्या थोडा वेळ. तो थंड इंजिनाला किती आरपीएमपर्यंत नेतो आणि टर्बो जोरात वापरल्यावर बंद करण्याआधी एखादा मिनिट थांबतो का, हे बघा. त्याने सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा हे खरं असतं. परत आल्यावर इंजिन बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा, आणि पुन्हा सुरू करा. कॉम्प्रेशन उतरलेलं इंजिन थंड असताना मुकाट सुरू होतं, पण गरम झाल्यावर स्टार्टर घरघरत राहतो आणि ते पेट घेत नाही. तसं झालं तर आभार माना आणि निघा, भाव कितीही खाली आला तरी. चटकन सुरू झालं, तर कॉम्प्रेशन टेस्टची वेळ ठरवा, आणि मग मला फोन करा. रविवारी मी मोकळा असतो.